ज्युनियर फायनल, वय वर्षं ३८

आयर्लंडमधल्या कॉर्कला नोकरीसाठी आलो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरातला शुक्रवार, बाहेर नेहमीची रिपरिप. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चार वाजताच लॅपटॉप मिटून उठला. ‘‘रविवारी ज्युनियर फायनल आहे, आज प्रॅक्टिस,’’ म्हणाला. मी आपलं बरं दिसावं म्हणून विचारलं, ‘‘अरे वा! मुलगा पुढे खेळतो की डिफेन्सला?’’ तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘मुलगा चार वर्षांचा आहे. फायनल माझी आहे.’’

माणूस ३८ वर्षांचा. कानशिलावर केस पिकलेले, गुडघ्याला निळी पट्टी.

ज्युनियर म्हटलं की आपल्या डोक्यात ज्युनियर केजी येतं, ज्युनियर कॉलेज येतं, फार तर ज्युनियर आर्टिस्ट. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये मात्र हा शब्द वयाचा नाही, दर्जाचा आहे. शाळेत अ, ब, क तुकड्या असायच्या, तसंच हे. सिनियर ही अ तुकडी, इंटरमिजिएट ब, ज्युनियर क. वयाने लहान असलेल्यांसाठी ‘मायनर’ हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे एखादा मायनरमधला हुशार पोरगा वर्षभरात थेट सिनियर टीममध्ये जातो आणि चाळिशीला टेकलेला त्याचा काका ज्युनियरच राहतो. इथे कुणाला त्यात काही विनोदी वाटत नाही.

हे इतकंच असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. पण काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ज्युनियर चॅम्पियनशिप समजून घ्यायला गेलो आणि एकेक धागा ओढता ओढता अख्खी गोधडीच उसवत गेली.

आधी खेळ, पटकन

एका बाजूला १५ खेळाडू. मैदान सॉकरच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, लांबी १३० ते १४५ मीटर. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे: खाली जाळी, वर दोन उंच खांब मोकळे. बॉल दिसायला व्हॉलीबॉलसारखा, पण वजनदार. तो हातात घेऊन पळता येतं, मात्र चारच पावलं. मग एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांवर टाकून परत हातात झेलायचा. सलग दोन टप्पे चालत नाहीत. पास लाथेने द्यायचा किंवा मूठ-पंजाने मारून, फेकायचा नाही.

बॉल आडव्या दांडीखालून जाळीत गेला की गोल, त्याचे ३ गुण. दांडीवरून, दोन खांबांमधून गेला की १ गुण. २०२५ पासून नवे नियम आलेत. त्यांत ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला २ गुण मिळतात, आणि प्रत्येक टीमला किमान तीन खेळाडू सतत समोरच्याच्या अर्ध्यात ठेवावे लागतात, म्हणजे सगळ्यांनी मागे येऊन भिंत उभारायची सोय संपली. (ते फार बरं झालं. त्याआधीच्या काही मॅच बघताना मला रेल्वे रिझर्व्हेशनची रांग आठवायची.)

स्कोअर लिहायची पद्धत नवख्याला हमखास चकवते. २-११ म्हणजे दोन गोल आणि ११ गुण. २ गुणिले ३ अधिक ११, एकूण १७. त्यामुळे ०-१९ विरुद्ध १-१३ असा स्कोअर दिसला की आपल्याला वाटतं गोल मारणारा जिंकला. प्रत्यक्षात १९ विरुद्ध १६. हा स्कोअर मी उगाच घेतलेला नाही, पुढे लागणार आहे.

क्लब निवडायचा नसतो

या सगळ्याची मालक संस्था म्हणजे जीएए, गेलिक अॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात तिची स्थापना झाली. इंग्रज राज्य होतं, इंग्रजांचे खेळ पसरत होते, आणि मायकेल क्युसॅकसारख्या मंडळींना आपले मातीतले खेळ टिकवायचे होते. संघटना वाढवताना त्यांनी तयार चौकट वापरली: चर्चचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. एका पॅरिशचा साधारण एक क्लब, क्लब मिळून काउंटी, काउंट्या मिळून चार प्रांत: मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॅक्ट, अल्स्टर. एकूण ३२ काउंट्या, म्हणजे राजकीय सीमा न मानता अख्खं बेट.

आता यातली खरी मेख. तुम्ही ज्या गावात वाढलात, त्या गावच्या क्लबकडून खेळता. दुसरा क्लब जास्त चांगला आहे, मैदान हिरवं आहे, कोच नामांकित आहे, असल्या कारणाने जाता येत नाही. घर बदललं, दुसरीकडे कायमचे राहायला गेलात, तर अर्ज करता येतो. तरी लोक सहसा करत नाहीत. डब्लिनला नोकरी करणारी पोरं मॅचसाठी तीन-चार तास गाडी हाकत गावी येतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत. क्लबला नाही आणि काउंटीच्या टीमलाही नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कात ८२ हजार प्रेक्षक बसतात. त्यांच्यासमोर ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या बेटाच्या स्पर्धेची, फायनल खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गाईंच्या धारा काढायला जातो.

आमच्या मुलीचंच सांगतो. तिचा क्लब आम्ही निवडला नाही. घर भाड्याने घेतलं त्या दिवशीच तो ठरला होता, आम्हाला फक्त ते माहीत नव्हतं. शाळेत जर्सी वाटली, शनिवारी सकाळी मैदानावर बोलावलं, झालं. (मुलींचा कारभार वेगळ्या संघटनेकडे आहे, ती १९७४ ची, पण जर्सी तीच आणि मैदानही तेच.) पलीकडच्या टेकडीमागच्या क्लबशी आमचं वैर आहे हे मला तिच्याकडून कळलं. वय वर्षं सात.

क्लब बदलता येत नाही म्हटल्यावर एक अडचण उभी राहते. शहराच्या कडेला वाढलेल्या पॅरिशमध्ये पाचशे पोरं आणि डोंगरातल्या पॅरिशमध्ये जेमतेम १८ धडधाकट माणसं. यांची मॅच लावून काय उपयोग? खेळाडू हलत नाहीत, तेव्हा क्लबच वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवायचे, म्हणजे बरोबरीच्याची बरोबरीच्याशी गाठ पडते. सिनियर, इंटरमिजिएट, ज्युनियर ही शिडी त्यातून आली. दरवर्षी एका पायरीचा विजेता वर चढतो, तळाचा खाली घसरतो.

शिडी म्हणावी तर पायऱ्या सारख्या नाहीत

कागदावर तीन पायऱ्या. प्रत्यक्षात प्रत्येक काउंटीने आपापल्या सोयीने मध्ये फळ्या ठोकल्यात. कॉर्क ही आकाराने सर्वात मोठी काउंटी, क्लब भरमसाट. तिथे वरून खाली प्रीमियर सिनियर, सिनियर ए, प्रीमियर इंटरमिजिएट, इंटरमिजिएट ए, प्रीमियर ज्युनियर आणि मग ज्युनियर ए. वरच्या पायऱ्यांवर साधारण १२-१२ टीम. ज्युनियर ए आणखी वेगळंच प्रकरण: त्यासाठी काउंटीचे आठ विभाग आहेत. कारबेरी, डुहॅलो, मस्केरी, इमोकिली, अॅव्हनडू, बेरा, कॅरिगडून आणि शहराचा शॉनडून. आधी विभागात जिंकायचं, मग विभागाविभागांतून आलेल्या टीम काउंटीच्या चॅम्पियनशिपमध्ये एकमेकींना भिडतात. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय क्रीडास्पर्धा असतात ना, चाल अगदी तीच.

त्यात मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या टीम. ज्या क्लबची पहिली टीम सिनियर आहे, त्यांची राखीव पोरं कुठेतरी खेळायला हवीत, म्हणून दुसरी टीम ज्युनियरमध्ये उतरते. म्हणजे समोर जर्सी बलाढ्य क्लबची असली तरी आतली माणसं दुसऱ्या फळीची. कोण कुठे चालेल याचे नियम काउंटीगणिक वेगळे आणि वादही काउंटीगणिक वेगळे.

शिवाय लीग आणि चॅम्पियनशिप या दोन स्वतंत्र गोष्टी. लीग वर्षाच्या पहिल्या भागात, चॅम्पियनशिप उन्हाळ्याच्या शेवटाकडून पुढे. लीगमध्ये वरच्या डिव्हिजनला असलेला क्लब चॅम्पियनशिपमध्ये ज्युनियर असू शकतो. लीगमधल्या पराभवाबद्दल माणूस खांदे उडवतो. चॅम्पियनशिपमधला दहा वर्षांनी पबमध्ये निघतो. स्वरूप आता बहुतेक ठिकाणी सारखं: आधी गटात दोन-तीन मॅच, मग बाद फेरी. पूर्वी थेट बाद फेरीच असायची. वर्षभर घाम गाळायचा आणि एका ओल्या रविवारी तासाभरात सगळं संपायचं. क्लबची मॅच ६० मिनिटांची असते.

आता फॉसा

केरी काउंटीमध्ये किलार्नीच्या पश्चिमेला, ‘लॉख लीन’ तळ्याच्या काठाने जाताना फॉसा लागतं. छोटा क्लब. तिथे डेव्हिड आणि पॉडी क्लिफर्ड हे भाऊ जन्मले. डेव्हिड सध्याचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणावा असा. २०२२, २०२३ आणि २०२५ असा तीनदा तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पेशाने शिक्षक. आणि क्लबचा दर्जा, २०२२ साली, ज्युनियर.

इथेच या सगळ्या व्यवस्थेचा उलगडा होतो, म्हणून डेव्हिडचं ते एक वर्ष जरा निवांत बघू.

२०२२ पासून जीएएने वर्षाचे दोन तुकडे केले: जानेवारी ते जुलै काउंटीच्या टीमचं, त्यानंतर क्लबचं. २४ जुलै २०२२. क्रोक पार्क, केरी विरुद्ध गॉलवे, ऑल-आयर्लंड सिनियर फायनल. केरी ०-२०, गॉलवे ०-१६. डेव्हिडचे एकट्याचे आठ गुण. काउंटीचं वर्ष संपलं.

मग तो विभागाच्या टीमकडे गेला. केरीची एक खासियत आहे: सिनियर काउंटी चॅम्पियनशिपमध्ये सिनियर क्लबांबरोबर विभागांच्या टीमही खेळतात. जे क्लब स्वतः सिनियर नाहीत, त्यांतले निवडक खेळाडू एकत्र करून ही टीम बनते. डोंगरातल्या छोट्या क्लबातल्या पोरालाही अ तुकडीत खेळायची संधी मिळावी म्हणून. फॉसाचा विभाग ईस्ट केरी. त्या वर्षी केरीची सिनियर चॅम्पियनशिप ईस्ट केरीने जिंकली.

आणि त्याच हंगामात, त्याच पायांनी, फॉसाकडून ज्युनियर प्रीमियर चॅम्पियनशिप. फायनलला समोर शेजारचाच लिस्ट्री क्लब. म्हणजे जुलैत ८२ हजारांसमोर गॉलवेच्या डिफेन्सला चकवणारा माणूस काही महिन्यांनी एका सुताराला, एका नर्सला, एका शेतकऱ्याच्या मुलाला चकवत होता. हे त्या सुताराच्या बाजूने विचार करून बघा. तुमच्या अंगावर जगातला सर्वोत्तम खेळाडू धावून येतोय, आणि तो तुमच्या शाळेत दोन वर्गांनी मागे होता.

फॉसा जिंकलं. काउंटीचा ज्युनियर विजेता झाला की पुढची दारं उघडतात. चारही प्रांतांची ज्युनियर क्लब चॅम्पियनशिप असते आणि २००१-०२ च्या हंगामापासून तिच्यावर ऑल-आयर्लंडही आहे. मन्स्टरच्या फायनलमध्ये फॉसासमोर आला कॉर्कचा विजेता, मस्केरी विभागातला किलमरी. वर सांगितलेली कॉर्कची ती लांबलचक शिडी आणि केरीची ही आखूड शिडी, दोन्हींची टोकं डिसेंबरातल्या त्या मॅचमध्ये भेटली. फॉसा पुढे गेलं.

१५ जानेवारी २०२३. परत क्रोक पार्क, यंदा ज्युनियर फायनल. समोर टिरोन काउंटीचा स्ट्युअर्टस्टाउन हार्प्स. फॉसा ०-१९, हार्प्स १-१३. तोच मघाचा हिशोब, तीन गुणांनी फॉसा. शेवटाकडे मॅच तापली, रेफरीने लाल कार्डं काढली, आणि दोन्ही क्लिफर्ड भाऊ मैदानाबाहेर काढले गेले. सहा महिन्यांपूर्वी याच गवतावर देशाचा लाडका ठरलेला माणूस क तुकडीच्या फायनलमध्ये बाहेर बसून शिट्टीची वाट बघत होता. मला विचाराल तर त्या वर्षातला सर्वात बोलका क्षण हाच. एखाद्या पाहुण्या कलाकाराने गावाला हात दाखवून जावं, तसा तो खेळत नव्हता. भान सुटण्याइतकं त्याला ते जिंकायचं होतं.

केरीबद्दलची कुरकुर

आता बाकीच्या काउंट्यांचं ऐका. २०१५ ते २०२३ या काळातले ऑल-आयर्लंड ज्युनियर विजेते बघा: ब्रॉस्ना, टेम्पलनो, ग्लेनबे-ग्लेनकार, नॉकनग्री, बोफर्ट, ना गेल, नीव्हग्विला, फॉसा. सलग आठ (२०२१ मध्ये कोविडमुळे फायनल झालीच नाही). यांतला नॉकनग्री कॉर्कचा, उरलेले सातही केरीचे.

केरी फुटबॉलमध्ये बलाढ्य आहेच. सिनियर ऑल-आयर्लंड त्यांनी २०२५ अखेर ३९ वेळा जिंकलंय, इतर कुणीही त्याच्या जवळपास नाही. पण कुरकुर ताकदीबद्दल नाही, मोजणीबद्दल आहे. केरीने सिनियर क्लब आठच ठेवले, त्याखाली इंटरमिजिएट १६. म्हणजे त्यांची ज्युनियर पायरी सुरू होते पंचविसाव्या क्लबपासून, आणि केरीतला पंचविसावा क्लब एखाद्या छोट्या काउंटीत आरामात इंटरमिजिएट, कधी सिनियरही शोभला असता. दर्जाचं नाव एकच, पण पट्टी प्रत्येकाची वेगळी. क तुकडीतली मुलं क तुकडीतल्याच मुलांशी स्पर्धा करतायत, फक्त एका शाळेने अ तुकडीत आठच मुलं बसवलीत.

केरीवाले यावर म्हणतात, आमचे क्लब छोटे आहेत, गावं रिकामी होतायत, पोरं ऑस्ट्रेलियाला जातायत. तेही खरं आहे. किनाऱ्यालगतच्या क्लबांना काही वर्षी १५ माणसं जमवताना नाकी नऊ येतात. माझं मत विचाराल तर तक्रार रास्त आहे, पण मोठ्या काउंट्यांनी ती केली की हसू येतं. असो. २०२४ च्या फायनलमध्ये कॅव्हनच्या आर्वाने केरीच्या लिस्टोल एमेट्सला हरवलं आणि काही दिवस ही चर्चा थंडावली.

प्रत्यक्ष कुंपणाजवळ

त्या रविवारी सहकाऱ्याची फायनल बघायला मी गेलो. गेटवर एक आजोबा बादलीत पैसे घेत होते. क्लब चालतो त्यावर, आठवड्याच्या लॉटरीवर आणि आजूबाजूच्या दुकानदारांच्या जाहिरातींवर. लोक कुंपणाला टेकून उभे, काहीजण गाडीतच, वायपर चालू ठेवून. गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न.

दोन्ही गोलपोस्टांपाशी दोन-दोन अंपायर, खाटकासारखे पांढरे कोट घालून. १ गुण झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा. (आता दोन गुणांसाठी नारिंगीही आलाय.) क्रोक पार्कात बॉल कुठून गेला ते कॅमेरे सांगतात, इथे पांढऱ्या कोटातले दोन गृहस्थ एकमेकांकडे बघतात, एकजण मान हलवतो आणि झेंडा उचलतो. तेवढ्या दोन सेकंदांत कुंपणावरून त्यांच्या कुळाचा उद्धार होऊन जातो. साइडलाइनवर कोचच्या अंगातल्या बिबवर ‘बॅनिश्टोर’ लिहिलेलं, आयरिश भाषेत मॅनेजर. पाणी देणाऱ्याच्या पाठीवर ‘मेअर इश्का’. आठवडाभर आयरिशचा शब्द न बोलणारे लोक रविवारी एवढं आयरिश पाठीवर मिरवतात.

सहकारी डिफेन्सला होता. त्याच्यासमोर १९ वर्षांचा, हरणासारखा पोरगा. पहिल्या अर्ध्यात पोराने त्याला तीनदा मागे टाकलं. दुसऱ्या अर्ध्यात याने पळणं सोडलं आणि बॉल कुठे येणार तिथे आधीच जाऊन उभा राहायला लागला. माझ्या शेजारच्या बाईंनी थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘याचे वडील पण असेच खेळायचे. पळायचेच नाहीत.’’

त्यांची टीम दोन गुणांनी हरली. मॅचनंतर समोरचे सगळे मैदानात घुसले: आज्या, बाळं, कुत्रं. इकडे आमची मंडळी चिखलात बसलेली.

सोमवारी ऑफिसात मी त्याला म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, जिंकलो असतो तर पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर, तिथे मार खाल्ला असता. हा या चॅम्पियनशिपचा गमतीदार भाग आहे: विजेता वर चढतो, त्यामुळे जिंकलेला कप राखायला तो सहसा परत येतच नाही. फॉसासुद्धा पुढच्या वर्षी इंटरमिजिएट झालं. ज्युनियरमध्ये उरतात ते हरलेले.

‘‘मग, आता निवृत्ती?’’ मी विचारलं.

‘‘कशी घेणार? मोजून १७ जण आहोत.’’

तो पुढच्या वर्षीही खेळला. ज्युनियर, वय वर्षं ३९.